मधल्या ओळीतला कुंभार

‘कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर येणारच’ ही म्हण ज्यानं कुणी काढली, त्यानं कुंभारवाडा नीट पाहिलेला होता. मडकी भाजायच्या आव्यावर पसरायला राख लागते, मातीत कालवायला लीद लागते, जळणाला शेणी लागतात, आणि हे सगळं गोळा करणं बाईच्या वाट्याला. मी लग्न होऊन घोडनदीकाठच्या या गावात आले आणि हातापायांची हळद उतरायच्या आत पाटी घेऊन बाहेर पडले. तेव्हा वर डिंभ्याच्या धरणाचं काम चाललं होतं. पुढं त्या पाण्यात ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते आंबेगावच गेलं, आणि आमच्या पोयट्याच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळमातीच्या, काही जागाही गेल्या. तेव्हापासून आजतागायत मी मातीतच आहे.

हल्ली पुण्याहून शिकणारी मुलं येतात. फोटो काढतात आणि विचारतात, ‘काकू, एवढी वर्षं तुम्ही ही कला कशी टिकवलीत?’ मला ती कलाकार म्हणतात. माझ्या कागदपत्रांवर गृहिणी असं आहे. प्रश्नाचं थोडक्यात उत्तर म्हणजे, पोट होतं म्हणून. पण ते ऐकून मुलांचा चेहरा पडतो. सविस्तर उत्तर द्यायचं तर पार मागं जावं लागतं, कारण कुंभाराचं टिकणं हे त्याच्या एकट्याच्या हातात कधीच नव्हतं. त्याच्या मडक्याचं मोल कोण ठरवतं, यावर ते ठरत आलंय.

मागं म्हणजे किती मागं? आमच्याच तालुक्यात, घोडनदीच्या काठी चांडोली आहे. डेक्कन कॉलेजच्या शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांनी 1960च्या सुमारास तिथं उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. तांब्याची कट्यार मिळाली, लहान मुलाच्या गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि त्या मण्यांतून ओवलेला जवसाच्या धाग्याचा अंशसुद्धा मिळाला. वर्तमानपत्रात कुणी लिहिलं तर या कट्यारीबद्दल लिहितं. पण तिथं ढिगानं निघाली ती खापरं: लाल रंगाची, वर काळ्या रेघांची नक्षी, लांब नळीची तोटी असलेली भांडी. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून या भांड्यांना जोर्वे म्हणतात. चांगलं भाजलेलं जोर्वे खापर वाजवलं तर धातूसारखं खणकतं. मी तसं खापर हातात घेऊन पाहिलंय. अंगठ्याच्या नखाएवढ्या जाडीचं, आतून बोटांच्या रेघा स्पष्ट. ज्यानं ते केलं त्याचा हात माझ्यापेक्षा हलका होता, हे मी निमूटपणे कबूल करते.

हीच नदी खाली शिरूर तालुक्यात जाते, तिथं इनामगाव आहे. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी 1968पासून तिथं वर्षानुवर्षं खणलं. कुंभाराची भट्टी मिळाली. मुलं दगावली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीतच पुरत. चार पायांच्या, पोट फुगलेल्या मोठ्या कणगीसारख्या मातीच्या भांड्यात बसवलेला एक माणूसही निघाला. तो गावचा म्होरक्या असावा असं अभ्यासकांचं म्हणणं. तेव्हा माणसाचा पहिला आणि शेवटचा दोन्ही निवारा कुंभार करत होता. पण घरं कुठं होती बघा: शेतकऱ्यांची गावाच्या मध्यात, कुंभार, सोनार, चुनेवाले यांची पश्चिमेच्या कडेला. धूर आणि आगीची भीती हे कारण असेल, मला पटतंही. तरी आजही आमचा वाडा गावाच्या कडेलाच आहे, आणि तीन हजार वर्षांत कडेवरून मध्यात यायला आम्हांला कुणी बोलावलेलं नाही.

मग मध्ये एक काळ असा आला की कारागिराची पत मोठी होती. त्याच्या खुणा जुन्नरच्या डोंगरांत आहेत. लेण्याद्रीला लोक गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातात, पायऱ्या मोजतात, माकडांपासून पिशव्या सांभाळतात आणि उतरतात. त्या डोंगरात, मानमोडीत, तुळजालेण्यात, शिवनेरीच्या कड्यांत मिळून दोनशेच्या वर लेणी-खोल्या कोरलेल्या आहेत, आणि कितीतरींवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत आहेत. नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याकडे जाणाऱ्या व्यापाराचं जुन्नर हे मोठं ठाणं. यवन म्हणवणाऱ्या इरिल, चिट आणि चंद यांची दानं इथं आहेत. राजा नहपानाचा अमात्य अयम यानं 46व्या वर्षी दिलेल्या पाण्याच्या टाक्याची आणि मंडपाची नोंद आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावं आहेत. आदुथुम नावाच्या शक उपासकानं तर शेतांचं उत्पन्न कोणाचिक इथल्या श्रेणीच्या हवाली केलं, करंजाची झाडं लावायला.

श्रेणी म्हणजे एका धंद्याच्या लोकांची संघटना. ती काम वाटून घेई, आणि ठेवही सांभाळी. माणूस मरतो, श्रेणी मरत नाही, म्हणून लोक तिच्याकडे कायमची रक्कम ठेवत आणि नुसतं व्याज खर्चायला सांगत. जुन्नरच्या लेखांत कुंभारांचं नाव मला सापडलेलं नाही, पण नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. आभीर राजा ईश्वरसेनाच्या 9व्या वर्षी, म्हणजे तिसऱ्या शतकात, विष्णुदत्ता नावाच्या एका शक बाईनं आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी गोवर्धनच्या श्रेणींकडे पैसे ठेवले. कुलरिकांच्या श्रेणीकडे 1,000 कार्षापण, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे 2,000, तेल्यांकडे 500. कुलरिक म्हणजे कुंभार असावेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेल्याच्या दुप्पट रक्कम कुंभारांवर विश्वासानं टाकली! आज माझ्यासारखीला नवी भट्टी बांधायला कर्ज हवं असेल तर तारण काय, जामीनदार कोण, तुमचं उत्पन्न कशावरून, हे सगळं विचारलं जातं. तेव्हा लोक कुंभारांकडे पैसे ठेवत होते. हा लेख कुणीतरी मला वाचून दाखवला त्या दिवशी मी दोनदा वाचायला लावला.

नाणेघाटाच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. पर्यटक त्याच्याशी फोटो काढतात. मला त्यात एवढंच दिसतं की पाथरवटानं दगड फोडला तरी आकार कुंभाराचाच घेतला. गळा, खांदा आणि पोट यांची ती चढण आमच्याकडं चाकावर आपसूक येते. दगडात ती मुद्दाम आणावी लागते.

श्रेण्या कधी आणि कशा संपल्या, हा इतिहासकारांचा विषय. आमच्या घराण्याच्या आठवणीत जे उरलं ते बलुतं. बारा बलुतेदारांच्या तीन ओळी: थोरली, मधली, धाकटी. कुंभार मधल्या ओळीत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’त (1915) हे सगळं तपशिलानं मांडलंय. आत्रे सरकारी नोकरीतले. त्यांनी ते वरून पाहिलं. मी सासूबाईंकडून ऐकलं, म्हणजे खालून.

सुगी आली, खळं लागलं की कुंभार खळ्यावर जाई. शेतकरी पेंढ्या बाजूला काढून ठेवी, किंवा मळणी झाल्यावर सुपानं धान्य घाली. त्या बदल्यात वर्षभर त्या घरची मडकी पुरवायची: पाण्याची घागर, डेरा, झाकणाला परळ, ताक-दह्याची भांडी, कोंबड्यांना पाणी प्यायला पसरट थाळं. शिवाय लग्नात बोहल्याच्या कोपऱ्यांना रचायच्या उतरंडी, बारशाला काय लागेल ते, आणि मयताला मडकं. गावात साहेब उतरला तर त्याच्या स्वयंपाकाची मडकीही कुंभारानंच द्यायची, मागितली तेव्हा आणि मागितली तेवढी. पश्चिमेला, भीमाशंकराकडच्या आदिवासी वाड्यांत बलुतं नसे, तिथं रोखठोक: मडकं जेवढं भात पोटात घेईल तेवढं भात त्याची किंमत. सासूबाई म्हणायच्या, त्या बाजूला मडकी विकायला बरं वाटायचं, कारण तिथं मडक्याला मोजलेलं मोल होतं. गावात मात्र सूप किती भरायचं ते शेतकऱ्याच्या मनगटावर.

बलुत्याबद्दल आता गोड बोलणारे पुष्कळ भेटतात. गाव कसं एका कुटुंबासारखं होतं, पैशाची गरजच नव्हती वगैरे. ते मला मान्य नाही. बलुत्यानं कुंभाराला उपाशी मरू दिलं नाही, हे खरं. दुष्काळ सोडला तर वर्षाची भाकरी ठरलेली होती, आणि ती ठरलेली होती म्हणून तर एका घरात पिढ्यानपिढ्या चाक फिरत राहिलं. पण त्या भाकरीत चांगल्या मडक्याला आणि वाईट मडक्याला सारखंच सूप मिळे. जोर्वेच्या कुंभारासारखी पातळ भिंत आणि नक्षी कशासाठी करायची? म्हणून आमच्या मडक्यांवरची नक्षी गेली, आणि काठाखाली एखादी खाच उरली. शिवाय कुंभार एकटा पडला. गावाला दोन घरं, फार तर चार. शेजारगावच्या कुंभाराशी सोयरीक करायची, पण त्याच्या गावात मडकं विकायचं नाही, कारण ते त्याचं वतन. श्रेणीत जे एकत्र उभे होते ते बलुत्यात गावागावांत वाटले गेले.

हात मात्र घरात राहिला, आणि तो कसा राहिला ते सांगितलं पाहिजे, कारण बघायला येणारी माणसं चाकापाशीच थांबतात. घागर चाकावर पुरी होत नाही. चाकावर होतो तो तिचा काठ, गळा आणि जाड भिंतीचा, बूड नसलेला कच्चा घडा. ओल्या दोऱ्यानं तो कापून सावलीत ठेवायचा. बोट लावलं तर चिकटू नये, पण दाबलं तर दबावं इतका सुकला की मग खरं काम सुरू. डाव्या हातात गुंडा, म्हणजे गुळगुळीत गोल ठोकळा, घेऊन तो हात आत घालायचा, उजव्या हातात लाकडी थापटणं. आत गुंडा जिथं टेकलाय नेमकं तिथंच बाहेरून थापटणं पडलं पाहिजे. दोन्हीला राख लावत राहायची, नाहीतर माती ओढली जाते. मांडीवर घडा फिरवत ठोकत गेलं की भिंत पातळ होते, पोट फुगतं आणि बुडाचं भोक हळूहळू मिटत येतं. एका दमात नाही. मध्ये सुकू द्यायचं, पुन्हा ठोकायचं. सुरुवातीला आवाज बद्द येतो, भिंत पातळ झाली की चढतो. सासूबाईंना शेवटी शेवटी दिसत नव्हतं, तरी ओसरीवर बसून त्या नुसत्या आवाजावरून ‘डावीकडं जाड राहिलंय’ म्हणून सांगत.

गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी वाजवून कच्चं कोण, पक्कं कोण ते सांगितलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ऐकताना लोक नामदेवांच्या रागावण्याला हसतात. कुंभाराच्या घरात ती गोष्ट सांगतात तेव्हा मुलाच्या हातात थापटणं असतं.

मातीचंही तसंच. नुसती काळी वापरली तर सुकताना तडकते, तिचं आकसणं फार. नुसता पोयटा घेतला तर अंग धरत नाही. दोन्ही मिसळायच्या, थोडी तांबडी घालायची, चाळलेली लीद आणि राख घालायची, मग पायानं तुडवायची. लीद भाजताना जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रं राहतात; त्यातून पाणी पाझरतं, वाऱ्यानं उडतं आणि आतलं पाणी गार होतं. शहरातली मुलं विचारतात, यावर काचेसारखी झिलई का देत नाही? दिली तर छिद्रं बंद होतील, मग माठ कसला? माती पूर्वी गाढवांवरून यायची. सासऱ्यांनी गाढवं जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या बाजारातून आणलेली. आता टेम्पो. वंशपरंपरेच्या कुंभाराला मातीच्या स्वामित्वधनात सवलत आहे, पण ते वाटेत अडवणाऱ्याला पटवायचं म्हणजे कागदांची पिशवी टेम्पोतच ठेवावी लागते.

आव्याबद्दल एकच सांगते. खाली शेणी, वर मडकी, मध्ये तुराट्या-काटक्या, वरून गवत, फुटकी खापरं आणि राख. उघड्या आव्याची आच सात-आठशे अंशांच्या पुढं फारशी जात नाही. पूर्वी ज्वारी-बाजरी होती, गुरं होती, शेण होतं. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं झाली, कालवे आले, ऊस आला. उसाचं पाचट भसकन पेटतं आणि तितक्याच लवकर विझतं. आव्याला धिमी आच हवी. आणि उसाबरोबर बिबट्या आला. आवा रात्री राखावा लागतो. आता त्या राखणीला मी एकटी बसत नाही, एवढंच.

बलुतं एका दिवसात गेलं नाही. आधी श्रीमंतांकडं तांब्या-पितळेची भांडी होतीच. मग 1865च्या सुमारास बाझल मिशनच्या लोकांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि पुढच्या पन्नास-पाऊणशे वर्षांत मंगळुरी कौलं घाटमाथ्यापर्यंत पोचली. त्याआधी पावसाळी पट्ट्यात नळीची कौलं कुंभारच करी: चाकावर नळा ओढायचा, ओला असतानाच उभा चिरायचा, दोन कौलं झाली. घर शाकारायला हजारांनी लागत. ते काम गेलं. मग ॲल्युमिनियम आलं, हलकं आणि न फुटणारं. मग स्टील. बायकांना स्टीलचा सोस का होता ते मला विचारा! डोक्यावर मातीची घागर भरून विहिरीवरून आणायची, पाय घसरला की घागरही गेली आणि वरून बोलणीही. मी कुंभारीण असून माझ्या लेकीला स्टीलचीच कळशी दिली.

शेवटचा धक्का बहात्तरच्या दुष्काळाचा. मी लहान होते, माहेरी जुन्नरच्या बाजूला. खळंच लागलं नाही तर बलुतं कुठलं? घरातली मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आणि तिथं पहिल्यांदा आठवड्याचा पगार नोटांत हातात आला. त्यानंतर पाऊस पडला, पिकं आली, पण खळ्यावर जायला आमच्याकडचं कुणी उठलं नाही. काहींनी वीटभट्ट्या घातल्या. त्यातले काही आज गाडीतून फिरतात. काही मुंबईला गेले. चाक उरलं ते थोड्या घरांत.

शहरात याच मातीचं वेगळं चाललं होतं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत 1870च्या दशकात जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी अजिंठ्याच्या चित्रांवरून नक्षी घेऊन चकचकीत भांडी करून घेतली, ती विलायतेत विकली जात. पुढं निर्मला पटवर्धनांसारख्या बाई इंग्लंडात बर्नार्ड लीच यांच्याकडे जाऊन काम शिकून आल्या, आयुष्यभर झिलईचे प्रयोग केले आणि कुंभारकामावर इंग्रजीत पुस्तक लिहून आपल्या कृती सगळ्यांना उघड करून दिल्या. चंद्रपूरकडं भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरांनी ग्रामोदय संघ उभा केला, गांधींच्या विचारानं. बेळगावजवळ खानापूरला खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था आहे. आमचे हे तिथं काही महिने शिकायला राहून आले. येताना बंद भट्टी कशी बांधायची ते शिकून आले, आणि चाकावर बायकांनी बसायला हरकत नाही हेही.

त्याचं महत्त्व सांगते. आमच्यात बाईनं चाकाला हात लावायचा नाही. माती तुडवायची, थापटायचं, काव लावायची, आव्याला मडकी पोचवायची, पाटीत भरून बाजारात बसायचं, हे सगळं तिचं. पण चाक पुरुषाचं. शास्त्र विचारलं तर कुणाला सांगता येत नसे. मोठ्या दगडी चाकाला दांड्यानं गती द्यायला ताकद लागते, हे एक कारण असेल. मग खादी आयोगाच्या योजनेत 2018च्या पुढं विजेची चाकं वाटली गेली आणि ते कारणही संपलं. बटण दाबायला कसली ताकद? आज आमच्या वाड्यात माझी सून चाकावर बसते आणि मुलगा बाजार बघतो.

आता मूळ प्रश्न: स्वयंपाकघर गेलं, कौल गेलं, बलुतं गेलं, तरी चाक का थांबलं नाही? सणांमुळं. संक्रांतीला सुगडं. रथसप्तमीला दूध उतू घालायची बोळकी. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावानं पाण्यानं भरून द्यायची केळी. त्याच सुमाराला माठ. नागपंचमीचा नाग. आमच्या जुन्नर-आंबेगावात बैलपोळा भाद्रपदातल्या अमावास्येला असतो, त्यासाठी मातीच्या बैलजोड्या. ज्यांच्याकडं आता ट्रॅक्टर आहे तेही जोडी घेऊन जातात. नवरात्राचे घट. दिवाळीच्या पणत्या, आणि पोरांच्या किल्ल्यावरचे मावळे; शिवनेरीच्या तालुक्यात किल्ला न करणारं पोर विरळाच. स्टीलच्या सुगडाला कुणी वाण म्हणून हात लावत नाही. देवानं आणि पितरांनी आम्हांला सांभाळलं, असं म्हटलं तरी चालेल.

पावसाळ्यात चाक बंद, मडकं सुकत नाही. ते चार महिने गणपतीनं भरून काढले. पण प्लास्टर ऑफ पॅरिस आलं आणि साच्यातून दिवसाला शंभर मूर्ती निघू लागल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2020मध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, कोर्टकज्जे झाले, 2025मध्ये मूर्ती करायला मोकळीक मिळाली पण लहान मूर्तींच्या नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनाला नाही. दरवर्षी जूनपर्यंत आम्हांला कळत नाही की यंदा शाडूला मागणी किती. आणि शाडू तरी इथला कुठं? तो येतो गुजरातेतून. उन्हाळ्यातले नक्षीचे माठही गुजरात-राजस्थानातून ट्रकनं येतात, पणत्या साच्याच्या येतात. ते वाईट असतात असं मी म्हणणार नाही. काही माठ आमच्यापेक्षा सुबक असतात. पण ते माठ ट्रकभर एका माणसाचे असतात, आणि तो भाव पाडू शकतो.

इथंच सगळं येऊन थांबतं. संक्रांतीच्या आधी नारायणगावच्या, मंचरच्या, घोडेगावच्या बाजारात आम्ही दहा-बारा घरच्या बाया ओळीनं सुगडं मांडून बसतो. सगळ्यांची माती तीच, आकार तोच. गिऱ्हाईक पहिलीला भाव विचारतं, दुसरीला कमी करून मागतं, आणि संध्याकाळ व्हायला लागली की शेवटची बाई मिळेल त्या किमतीत देऊन टाकते, कारण सुगड दुसऱ्या दिवशी खापर असतं. मग तोच भाव सगळ्यांचा. बलुत्यात सूप शेतकऱ्याच्या मनगटावर होतं. आता आमच्यातल्या सर्वांत अडलेल्या बाईच्या संध्याकाळवर आहे. कला टिकवायचा सल्ला आम्हांला पुष्कळ मिळतो: नवी नक्षी करा, इंटरनेटवर विका, कार्यशाळा घ्या. कार्यशाळा मी घेते, शनिवार-रविवारी, मुलं हात माखून घेतात, पैसेही बरे मिळतात. पण त्यानं एक घर चालेल, कुंभारवाडा चालणार नाही.

म्हणून गेल्या वर्षापासून मी आमच्या जुन्नर-आंबेगावच्या कुंभारणींना एकच सांगत फिरतेय. सुगडाचा, घटाचा आणि बैलजोडीचा भाव आपण मार्गशीर्षात बसून ठरवायचा, पाटीवर लिहायचा आणि शेवटच्या संध्याकाळी उरलेला माल सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा, म्हणजे एकीलाच मोडीत काढावा लागणार नाही. काही घरं कबूल झालीत, काही अजून बघू म्हणतायत. येत्या संक्रांतीला बाजारात ओळीनं सगळ्या पाट्यांवर एकच भाव दिसला, तर वाचणाऱ्यांनी कृपा करून घासाघीस करू नये.